व्हय मी सावित्रीबाई

व्हय मी सावित्रीबाई : सुषमा देशपांडे यांनी लिहिलेले व प्रथम स्वतःच सादर केलेले एकपात्री मराठी नाटक (१९८९). सावित्रीबाई फुले (१८३१–९७) आपली जीवनकहाणी प्रेक्षकांना सांगत आहेत, अशी त्याची रचना आहे. सावित्रीबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावचा. जोतीराव फुले यांच्याशी १८४० मध्ये झालेला विवाह, १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, शाळेच्या वाटेवर अंगावर आलेले शेण व दगड, सासरचे घर सोडावे लागणे, विधवांसाठी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३) हा चरित्रभाग आता सर्वपरिचित आहे. तो कोण सांगते आणि कोणापुढे सांगते, यात नाटकाचे महत्त्व आहे.

‘व्हय’ हा होकार आहे. होकाराआधी प्रश्न असतो, कधी आरोपही असतो. शीर्षकातील हा एक शब्द निवेदनाला साक्षीचे रूप देतो. रंगमंचावर दुसरे पात्र नसल्याने साक्ष ऐकणारे न्यायपीठ प्रेक्षकांचेच होते. जिने शेण फेकले ती गल्लीही तेच होतात. कीर्तनकारही एकटाच उभा राहतो, परंतु श्रोत्यांची श्रद्धा तो गृहीत धरतो व आख्यानाने दृढ करतो. येथे ती श्रद्धाच तपासणीस ठेवलेली आहे. बटाट्याची चाळ (१९६१) किंवा वऱ्हाड निघालंय लंडनला (१९७९) या गाजलेल्या एकपात्री प्रयोगांत एकच नट अनेक व्यक्तींच्या लकबी उभ्या करतो आणि रंगत त्या बहुरूपीपणातून येते. देशपांडे यांनी ही वाट प्रामुख्याने टाळली आहे. त्यांना एकाच बाईचा आवाज शेवटपर्यंत टिकवायचा आहे.

या आवाजाची बोली ही लेखिकेची निवड होय. सावित्रीबाईंची उपलब्ध पत्रे बऱ्याच अंशी ग्रांथिक मराठीत आहेत. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये, म्हणजे नाटकाच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यातील नायगावहून २९ ऑगस्ट १८६८ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र नाटकाच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. एक ब्राह्मण तरुण व त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी यांना गावकरी ठार मारण्यास निघाले असता सावित्रीबाईंनी त्यांना अडविले, आणि त्यासाठी शास्त्राचा नव्हे, तर इंग्रजी कायद्याच्या परिणामांचा आधार घेतला. पत्रातील ही बाई नेमके बोलणारी, युक्तिवाद करणारी आहे. ग्रामीण बोलीमुळे ती शाळेच्या पटांगणातील स्त्रियांना आपली वाटते, हा लाभ मोठाच. मात्र लिहिणारी, कविता करणारी शिक्षिका त्यामुळे काहीशी मागे सरते.

नाटकाला धर्मविरोधी म्हणणे हा वरवरचा समज ठरेल. सत्यशोधक समाजाने (स्था. १८७३) निर्मिक मानला, नाकारला तो मध्यस्थ. पुरोहिताविना लावलेले विवाह हाही श्रद्धेचाच विधी होता. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत (१८९०) दत्तकपुत्र यशवंताच्या हक्कावरून वाद उद्भवला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. पत्नीने अंत्यविधीत असे अग्रभागी चालणे रूढीला मान्य नव्हते. त्यांनी विधी टाकला नाही, त्यातील अधिकार घेतला. श्रद्धा व न्याय हे येथे परस्परांचे शत्रू नाहीत. न्यायाची मागणी श्रद्धेच्या आतूनच पुढे येते.

एकपात्री रूपाची मर्यादा मात्र याच ठिकाणी जाणवते. मुलाला व सुनेला घराबाहेर काढणारे गोविंदराव दुष्ट नव्हते. जातगोत व परलोक या दोहोंचे भय बाळगणारे ते भाविक गृहस्थ होते. अशा माणसाला रंगमंचावर स्वतःच्या तोंडाने बाजू मांडता आली असती, तर सावित्रीबाईंचे उत्तर अधिक धारदार झाले असते. साक्ष एकाच बाजूची असली की निकाल आधीच ठरतो, आणि सहानुभूतीने आलेला प्रेक्षक स्वतःला सहजच निर्दोष सोडवून घेतो.

प्रयोगास नेपथ्य जवळजवळ लागत नाही. जावळी तालुक्यातील मेढ्यासारख्या लहान गावी, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओट्यावर तो उभा राहू शकतो, आणि देशपांडे यांनी तो खेड्यापाड्यांतून नेलाही. नाट्यगृहात चरित्र म्हणून ऐकले जाणारे वाक्य सभामंडपात तक्रार म्हणून ऐकले जाते, कारण तेथील श्रोत्या स्त्रियांपैकी कित्येकींची शाळा सुटलेली असते. पुढे अन्य अभिनेत्रींनीही ही भूमिका केली. नाटकाचे हिंदी प्रयोगही झाले. स्त्रीसंतांवरील बया दार उघड या नंतरच्या नाटकात देशपांडे श्रद्धेच्या प्रश्नाकडे पुन्हा वळल्या. तेथे मात्र एकीच्या साक्षीऐवजी अनेकींचे आवाज आहेत.