प्रव्रजन कीं प्रव्राजन?

भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागांतील नागरिकत्वाचीं कलमें सामान्यतः वकिलांच्या उपयोगाचीं समजलीं जातात. परंतु ज्या ग्रंथांतील एका क्रियापदावर सहस्रावधि माणसांचें घरदार अवलंबून राहिलें, तो शब्दार्थचिकित्सकानेंही लावून पाहिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. संविधानाचा बहुतेक भाग २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आला. ५ ते ९ हीं कलमें मात्र २६ नोव्हेंबर १९४९ रोजींच लागू झालीं. लोकसत्ता कोणाची हें ठरल्यावांचून ती उभी कशी राहावी?

प्रथम गुण सांगूं. ५ व्या कलमानें भारतांत अधिवास असणारा मनुष्य नागरिक मानिला. अट एवढीच कीं, तो येथें जन्मलेला असावा, त्याच्या मातापित्यांपैकीं कोणी येथें जन्मलेलें असावें, किंवा लगतपूर्वीं निदान ५ वर्षें त्याचा सामान्य निवास येथें असावा. धर्म विचारला नाहीं, व हें सहजासहजीं घडलें नाहीं. १९४९ च्या ऑगस्टांत १० ते १२ या तारखांस संविधानसभेंत यावर कडाक्याचा वाद झाला. मसुदा समितीस इतका ताप दुसऱ्या एखाद्याच कलमानें दिला असेल, असें डॉ. आंबेडकर म्हणाले. पंजाबराव देशमुखांस हें नागरिकत्व फार स्वस्त वाटलें. जो हिंदु किंवा शीख अन्य राष्ट्राचा नागरिक नाहीं त्यास, तो कोठेंही राहत असो, भारताचें नागरिकत्व मिळावें, अशी त्यांची उपसूचना होती. सभेनें ती स्वीकारली नाहीं. फाळणीच्या जखमा ओल्या असतां दाखविलेला हा संयम थोर होय.

दोष पुढील दोन कलमांत आहे. ६ वें पाकिस्तानांतून आलेल्यांचें, ७ वें तिकडे गेलेल्यांचें. क्रियापद दोहोंत एकच. आलेला मनुष्य, अथवा त्याच्या आईबापांपैकीं वा आजाआजींपैकीं कोणी, अविभक्त भारतांत जन्मलेला असला व तो १९ जुलै १९४८ पूर्वीं आला असला, तर येथील सततच्या निवासानेंच तो नागरिक होई. त्या तारखेपासून पुढें आलेल्यास ६ महिन्यांचा निवास व नोंदणी लागे. उलट १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेला नागरिक नव्हे. पुनर्वसनाचा किंवा कायम परतीचा परवाना घेऊन आला, तरच त्यास नोंदणीची वाट मोकळी.

या क्रियेस मराठी पाठांत 'स्थलांतर' म्हटलें आहे, हिंदी पाठांत 'प्रव्रजन'. हा दुसरा शब्द संस्कृतज्ञास थबकवितो. प्रपूर्वक व्रज् धातूचा अर्थ घर सोडून निघणें. संन्यास घेणें हाही त्याचाच अर्थ. संन्याशाचा दायभाग धर्मशास्त्रानें तोडला, कारण घर त्यानें आपण होऊन टाकिलें. परंतु त्याच धातूचें णिजन्तापासून झालेलें रूप 'प्रव्राजन', म्हणजे घालवून देणें. कैकेयीनें मागितलें तें रामाचें प्रव्राजन. भेद एका मात्रेचा, पण कर्ता बदलतो. लाहोराहून आलेल्यांस आपण 'निर्वासित' म्हणतों, त्या शब्दांतही णिजन्तच आहे. त्यांस कोणीतरी घालविलें हें आपल्या भाषेनें ओळखिलें. १९४७ च्या सप्टेंबरांत दिल्लीचे मुसलमान घरें सोडून पुराना किल्ला व हुमायूनचा मकबरा येथील छावण्यांत शिरले आणि त्यांतले पुष्कळ पुढें पाकिस्तानांत गेले. ते गेले कीं घालविले गेले? ७ वें कलम हें विचारीतच नाहीं.

भाष्यकारांचेही त्यामुळें हाल झाले. १९५५ च्या एका निकालांत, पति बिहारांत असतां कराचीस गेलेल्या स्त्रीनें आपण औषधोपचारासाठीं तात्पुरत्या गेल्याचें सांगितलें. तें मानलें गेलें नाहीं व तिचें नागरिकत्व गेलें. १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ६ व्या कलमाचा अर्थ करितांना कायम राहण्याचा हेतु आवश्यक ठरविला. १९६६ सालीं तो अर्थ मोडला. हेतु नसला तरी चालेल, मात्र जाणें स्वेच्छेचें असावें व विशिष्ट कामापुरतें अल्पकालीन नसावें, असें ठरलें. मूळ पाठांत नसलेला भेद भाष्यानें १७ वर्षांनीं भरून काढिला. तरी भयानें पळणें स्वेच्छेचें म्हणावें कीं काय, हा प्रश्न उरतोच.

येथें पूर्वपक्ष असा कीं, लक्षावधि माणसांचीं मनें कोणी तपासावीं? राज्यास तारीख व सीमा एवढेंच दिसतें. हें खरें. परंतु परतीच्या परवान्याची सवलत ठेवून सभेनेंच कबूल केलें कीं, गेलेला प्रत्येकजण देश टाकून गेला नव्हता. या सवलतीवर जसपतराय कपूर यांनीं कडक शब्दांत टीका केली, तरी सभेनें ती राखिली, हें तिचें भूषण. उणीव इतकीच कीं, जो हक्क असावयाचा तो परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर गेला.

२०१९ च्या दुरुस्तीनें पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस वाट करून दिली. घालवून दिलेल्याची दखल घेणें योग्यच. पण १९४९ सालीं सभेनें टाळलेला धर्मनिर्देश या निमित्तानें कायद्यांत शिरला. णिजन्त कोणत्याही कर्माला लागतें. त्यास सहाच नांवें जोडण्याचा नियम कोणत्याही व्याकरणांत नाहीं. ज्याला घालविलें त्याला त्याचें नांव विचारण्यापूर्वीं कोणी व कां घालविलें हें विचारावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.