बैठकीसाठी रेकॉर्डर घेताना

विलंबित ख्यालातले आवाजाचे चढउतार मोजायचे होते. घरी येऊन ऐकलं तर गायक थांबला की तानपुरा फुगतोय, तान आली की आवाज दबतोय! ऑटो लेव्हल चालू राहिलं होतं, चूक माझीच. स्वरस्थानं काढायला ते रेकॉर्डिंग चालेल, पण आवाजाचा जोर मोजायला बाद.

म्हणून 'किती किलोहर्ट्झ?' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, ४८ पुरे. लेव्हल हाताने लावता येते का, ते आधी बघा. झूम एच१एनला त्यासाठी वर चाकच आहे. ३२-बिट फ्लोटचा एफ३ लेव्हलची चिंता मिटवतो खरा, पण त्यात माइक नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात. आणि एमपी३? नकोच. २४-बिट स्टीरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी खाते, एवढंच.