कोंडवाडा : प्रतिमा आणि नोंदवही

दया पवारांचा 'कोंडवाडा' हा संग्रह १९७४ साली आला. त्यावर लिहिणारे बहुतेकजण शीर्षकापाशी आले की एक ठरलेले वाक्य लिहितात आणि पुढे सरकतात : कोंडवाडा म्हणजे कोंडलेल्या दलित जीवनाची प्रतिमा. वाक्य खोटे नाही. पण ते लिहिणाऱ्याने कोंडवाडा पाहिलेला नसावा असा मला दाट संशय येतो. कोंडवाडा कवीने कल्पनेतून काढलेला नाही. ते गावातले सरकारी आवार आहे. त्याला कायदा आहे, वही आहे, रखवालदार आहे, दंडाचा दर आहे. याच कवीच्या १९७८ च्या आत्मकथनाचे नाव 'बलुतं'. तेही गावगाड्याच्या हिशेबातलेच नाव. एका लेखकाने दोन मुख्य पुस्तकांना कारभारातली दोन नावे द्यावीत, आणि समीक्षेने त्यांत केवळ प्रतिमा पाहावी, हे कसे? प्रस्थापित समीक्षेचे सोडा, तिला कारभाराशी देणेघेणे नव्हतेच. खेद याचा की आपल्या बाजूच्या समीक्षेनेही तीच सवय उचलली. आम्हा प्राध्यापक मंडळींना प्रतिमा म्हटली की बरे वाटते. प्रतिमेला हजेरीपत्रक नसते.

म्हणून आधी कोंडवाड्याचा कायदा पाहू. गुरांनी परक्या जमिनीत शिरण्याबद्दलचा हा १८७१ चा पहिला कायदा. जनावराने शेतात शिरून नासाडी केली तर जमीनवाल्याने ते पकडून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचते करावे. रखवालदाराने वहीत लिहावे : जनावरे किती, कशी दिसतात, कोणत्या दिवशी किती वाजता आणली, आणणारा कोण, कुठला, मालक ठाऊक असल्यास त्याचे नाव. सुटका होईपर्यंत चारा-पाणी द्यावे. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवावे, नोटीस लावावी. पुन्हा सात दिवसांत कोणी आले नाही तर लिलाव. मूळ दरपत्रकात शेळी-मेंढीला एक आणा, गाढव-डुकराला दोन आणे, गाय-बैलाला चार आणे, म्हशीला आठ आणे आणि हत्तीला दोन रुपये दंड. हे दर आणि चाऱ्या-पाण्याचा खर्च कोंडवाड्यावर ठळक जागी लिहून लावणे सक्तीचे.

या कायद्याने सांभाळले ते पीक. जनावराला वैरण मिळते ती त्याच्या कणवेपोटी नव्हे. ते कोणाची तरी मालमत्ता आहे आणि दंड वसूल होईपर्यंत मालमत्ता जगली पाहिजे, एवढ्यासाठी. आणि दंड भरतो कोण? ज्याच्याकडे चाळीस एकर आहेत त्याची गुरे त्याच्याच बांधाच्या आत चरतात. बांध ओलांडते ते भूमिहीनाचे जनावर, कारण त्याला बांधच नाही. माझ्या आजीच्या दोन शेळ्या अशाच एकदा उसात शिरल्या आणि कोंडवाड्यात गेल्या. दंडाची पावती तिने मरेपर्यंत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. तिला वाचता येत नव्हते, पण सरकारी कागदावर आपले नाव उठले आहे एवढे तिला कळत होते. तिच्या नावावर दुसरा कागद नव्हता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्यांच्या मागे असल्या पावत्यांचा ढीग आहे. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली जमीन. तिच्यावर झोपडी बांधलेल्यांना २०२२ च्या अखेरीस घरे काढण्याच्या नोटिसा आल्या तेव्हा कोल्हापूर जिल्हाही ढवळून निघाला. गुरांसाठीच्या जमिनीवर माणूस शिरला तर तो अतिक्रमक, आणि माणसाच्या पिकात गुरू शिरले तर तेही अतिक्रमक. दोन्हीकडे हद्द आखणारा हात एकच.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवा. गुन्हेगार जमातींचा कायदाही १८७१ चाच. जानेवारीत भटक्या गुरांचा बंदोबस्त झाला आणि ऑक्टोबरात भटक्या माणसांचा. हा दुसरा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या सुधारणेनंतर आपल्या इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण त्यातूनच उभे राहिले. तिथेही वही होती, हजेरी होती, बाहेर जायला परवाना होता. पण दोन वह्यांत एक फरक आहे. गुरांच्या वहीत शेवटचा रकाना सुटकेचा आहे : चार आणे भरा, जनावर न्या. माणसांच्या वहीत तो रकाना नव्हता. त्याचे मूलही जन्मतःच वहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि ते 'विमुक्त' झाले. म्हणजे मोकळे झाल्यावरसुद्धा जातीचे नाव कोंडवाड्यावरूनच पडले. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे. ही पुस्तके आणि 'कोंडवाडा' आपण निरनिराळ्या तासांना शिकवतो. माझ्या मते ती एकाच सालच्या दोन कायद्यांवरची साक्ष आहे आणि एकत्र वाचली पाहिजे.

यातून आपल्या लेखनातल्या एका घासून गुळगुळीत झालेल्या वाक्याचाही निकाल लावता येतो. 'आम्हाला जनावरासारखे वागवले', किंवा त्याहून चढत्या सुरात, 'जनावरापेक्षाही हीन वागवले'. नवा कवी हे हमखास लिहितो आणि व्यासपीठावर टाळ्या घेतो. यात संताप खरा, पण माहिती ढोबळ. कोणते जनावर? कोणाचे? मालक असलेल्या जनावराला कायद्याने चारा, पाणी, मुदत आणि पावती दिली. हीनपणाची तुलना करायची तर त्या चार गोष्टींशी एकेक करून करा, म्हणजे कवितेला दात येतील. बाबासाहेबांनी महाडला नेमके हेच केले. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक भरत होते, अस्पृश्याला मात्र मज्जाव होता. ही गोष्ट त्यांनी नुसती हळहळ म्हणून मांडली नाही. त्यांच्या हाती ठराव होता. सी. के. बोल्यांचा १९२३ चा कायदे मंडळातला ठराव, आणि तो अमलात आणण्यासाठी ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने केलेला ठराव. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायले. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. पुढे कज्जा चालून हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. आपल्या चळवळीचा आरंभ एका नगरपालिकेच्या ठरावाच्या अंमलबजावणीपासून होतो, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात विसरतो. पाणी मिळावे ते कोणाच्या दयेने नव्हे, सार्वजनिक पैशाने राखलेल्या तळ्यावर सर्वांचा हक्क आहे म्हणून. महाडचा लढा या एका वाक्यावर उभा आहे.

आमच्या भागाला तर हे अधिक ठाऊक असायला हवे. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले, त्याच साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली. १९१९ साली विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. २१ आणि २२ मार्च १९२० ची माणगावची परिषद इचलकरंजीपासून हाकेच्या अंतरावर झाली. संस्थानी हुकूम आणि लोकनियुक्त नगरपालिकेचा ठराव यांत फरक आहे, हे मान्य. तरीही महाडच्या सात-आठ वर्षे आधी इथे कागद हलला होता.

जनावरांच्या कारभाराची एक बाजू मात्र कोणत्याही वहीत लिहिलेली नाही. जिवंत जनावर कोंडवाड्याच्या वहीत येते. मेलेले जनावर कोणी ओढायचे हे वहीत नसते. ते जातीत लिहिलेले असते. महाराने ओढायचे, ढोराने कातडे कमवायचे, चांभाराने जोडा शिवायचा. मृत ढोरांची विल्हेवाट हे खरे तर गावच्या आरोग्याचे, म्हणजे स्थानिक संस्थेचे काम. पण ते जन्माने ठरलेल्या माणसांकडून फुकट होत असल्याने कोणत्याही अंदाजपत्रकात त्याला रक्कम लागली नाही. महाडला १९२७ साली मेलेले ढोर ओढू नका असे बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा गावांच्या डोळ्यांवर आले ते यामुळेच. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघडे करून मारले गेले. त्यानंतर तिथल्या आपल्या लोकांनी काम थांबवले आणि सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली गुरे नेऊन टाकली. हजार लेखांनी कळले नसते ते कचेरीला वासाने कळले : ही एक सार्वजनिक सेवा आहे आणि तिचा पगार कोणी देत नव्हते.

घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांच्या कामांची यादी बारावी अनुसूची म्हणून आली. तिच्यात पाणीपुरवठा पाचवा, सार्वजनिक आरोग्य आणि सफाई सहावी, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण नववे, झोपडपट्टी सुधारणा दहावी, स्मशाने चौदावी, आणि पंधरावा कोंडवाडा : गुरांचे कोंडवाडे व प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध. अठरावा विषय कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे कारखाने. माणूस आणि जनावर एकाच यादीत, एकाच तिजोरीवर. इचलकरंजीत ही तिजोरी कशी चालली? डिसेंबर २०२१ मध्ये नगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि तिची पहिली निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली चार वर्षे प्रशासक. म्हणजे शहराचा दर्जा वाढला आणि त्याच काळात राखीव प्रभागातून निवडून येणारा आपला माणूस सभागृहात नव्हता, कारण सभागृहच नव्हते. मागावर बारा तास उभा राहणारा माणूस घरी येऊन आधी विचारतो, पाणी आले का? पंचगंगा दूषित, २०१२ च्या उन्हाळ्यात याच शहरात काविळीची साथ येऊन माणसे दगावली. कृष्णेवरून आणलेले पाणी पुरत नाही. वारणेची योजना दानोळीकरांच्या विरोधाने अडली, दूधगंगेवरची सुळकूडची योजना मंजूर होऊन कागल तालुक्यातल्या विरोधाने अडली. नदीकाठच्या शेतकऱ्याची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण या भांडणात टँकरमागे घागर घेऊन धावणारी बाई कोणत्या वस्तीतली असते, हे दोन्ही बाजूंच्या भाषणांत येत नाही.

अशा वेळी निवाऱ्याचा प्रश्न चर्चेत येतो, पण जनावराच्या. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. भाकड जनावर विकून नवे घेण्याचा छोट्या शेतकऱ्याचा व्यवहार तुटला, कातड्यावर जगणाऱ्यांचा कच्चा माल आटला. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला 'राज्यमाता' घोषित केले आणि गोशाळांना दर गाईमागे रोज पन्नास रुपये अनुदानाचा निर्णयही त्याच सुमारास झाला. कोंडवाड्यातून गोशाळेकडे झालेला हा प्रवास नीट वाचा. कोंडवाडा सार्वजनिक होता : तिथे गाईला चार आणे आणि गाढवाला दोन आणे असा दर होता, पण चारा दोघांना होता आणि वही मागता येत होती. गोशाळा हा विश्वस्तांचा कारभार. पैसा सरकारी, आणि गाढवाला तिथे जागा नाही. म्हशीलाही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुधात मोठा वाटा म्हशीचा आहे, तरी ती कोणाची माता झाली नाही.

गाईच्या आणि कुत्र्याच्या निवाऱ्यात मी फरक करतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल एकापाठोपाठ आदेश दिले. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितले आणि महामार्गांवरची मोकाट गुरेही हटवायला सांगितली. यावर शहरात दोन तट पडले. कुत्रा चावतो तो मोटारीतल्या माणसाला चावत नाही; पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला आणि रात्रपाळी सुटून चालत घरी जाणाऱ्या कामगाराला चावतो. तेव्हा नसबंदी, लस आणि निवारा यांचा खर्च हा आपल्याच वस्तीच्या आरोग्याचा खर्च आहे आणि तो मागितला पाहिजे. त्याच वर्षी जुलैत शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनताराला नेली. तिच्यासाठी जिल्हा रस्त्यावर आला. लोकांचे तिच्यावरचे प्रेम खोटे नव्हते. मंत्रालयापर्यंत बैठका झाल्या, सरकार न्यायालयात मठाच्या बाजूने उभे राहण्याचे बोलू लागले. सात दिवसांत एवढे सारे हलू शकते, हे मात्र त्या जुलै-ऑगस्टात आम्हाला दिसले. पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या शहराला ते फार वर्षांत दिसले नव्हते.

आपल्या साहित्याने यात काय करावे? गाईवर उपरोधिक कविता लिहिणे सोपे झाले आहे आणि त्याचाही कंटाळा येऊ लागला आहे. सभागृहाचे इतिवृत्त, अंदाजपत्रक, सफाईच्या ठेक्याचा करार हे आपल्या लेखकांनी वाचलेले नसते. दया पवारांनी कारभारातला एक शब्द उचलून मुखपृष्ठावर ठेवला, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. त्यानंतर ठेका, आउटसोर्सिंग, प्रशासक, टँकर असे कितीतरी शब्द आपल्या वस्त्यांनी अंगावर झेलले. त्यांतल्या किती शब्दांची पुस्तके झाली?

माझ्या विद्यार्थ्यांना मी यंदा निबंधाऐवजी एक काम दिले आहे. माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून तीन गोष्टी मागवायच्या : कोंडवाड्याची वही, मेलेली जनावरे उचलण्याचा ठेका कोणाला आणि उचलणाऱ्याच्या हाती रोज किती पडतात, आणि प्रभागवार पाणी सोडण्याचे वेळापत्रक. कोंडवाड्यावर दरांचा फलक ठळक जागी लावणे १८७१ पासून सक्तीचे आहे. वस्तीच्या नळकोंडाळ्यावर पाणी कोणत्या दिवशी किती वाजता येणार याचा फलक लावावा, अशी मागणी घेऊन हीच मुले नव्या सभागृहाच्या आपल्या नगरसेवकांकडे जाणार आहेत.