डिकन्सची वीटभट्टी

दारिद्र्याचे चित्र काढणे फारसे अवघड नाही. दरिद्री माणसाच्या घरात आपण कोणत्या नात्याने शिरतो, ह्याचे भान राखणे मात्र अवघड आहे. चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे आठवे प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

सेंट ऑल्बन्सजवळच्या वीटभट्टीवर पार्डिगलबाई परोपकारार्थ जातात. झोपडीत चिखलाने माखलेला एक मजूर जमिनीवर पडलेला असतो. बाई काय विचारणार हे ओळखून तो स्वतःच प्रश्न करतो व स्वतःच उत्तरे देतो : घर घाणेरडे आहे, पाच मुले झाली, पाचही गेली, दिलेले पुस्तक वाचलेले नाही, बायकोचा डोळा काळानिळा आहे, तो आपणच केला. येथील विनोदाचा रोख मजुरावर नसून बाईंवर आहे. धर्मपुस्तक वाचून बाई निघून जातात. आणि मागे जेनी नावाच्या स्त्रीच्या मांडीवर तिचे अर्भक प्राण सोडते. कथा सांगणारी एस्थर त्याच्यावर आपला रुमाल घालते.

डिकन्सची थोरवी ह्या रुमालात आहे. सामान्य लेखक हा करुण प्रसंग रंगवून पुढे गेला असता. येथे तो रुमाल पुढे लेडी डेडलॉकच्या, म्हणजे एस्थरच्या जन्मदात्रीच्या, हाती जातो. अखेरीस घर सोडून निघालेली ही खानदानी स्त्री जेनीशी वस्त्रांची अदलाबदल करते आणि त्याच वस्त्रांत दफनभूमीच्या दाराशी मरण पावते. एस्थर प्रथम तिला जेनीच समजते! जे अंतर धर्मपुस्तकाने तुटले नाही, ते एका मजुरिणीच्या पोशाखाने तुटले.

तथापि एक उणीव राहतेच, आणि ती लहान नव्हे. मजुराचे व्यसन दिसते, क्रौर्य दिसते, दुःखही दिसते. साचा भरून विटा पाडणारे त्याचे हात मात्र दिसत नाहीत. एस्थरला झोपडीचा अंतर्भागच तेवढा दिसला, असा बचाव कोणी करील. परंतु कादंबरीत दुसराही एक निवेदक आहे, आणि त्यालाही हे मजूर लंडनच्या गलिच्छ वस्तीत नशेत झोपलेलेच आढळतात. वस्तुतः ते तेथे कामाच्या शोधात आलेले असतात! गरिबाच्या दुःखाने कळवळणारे साहित्य पुष्कळ आहे. त्याच्या कामाकडे आदराने पाहणारे साहित्य विरळा, आणि डिकन्ससारख्या सहृदय कलावंतालाही येथे ते साधले नाही.