लेजर एक, हात अनेक

बी.कॉम. झालेल्या माणसाने संगणकशास्त्रावर टीका करू नये, असा काही कायदा नाही. शिवाय करकंबला बँकेच्या काउंटरवर बसलेल्याला एक प्रश्न चांगलाच ठाऊक असतो : एकाच खात्याला एकाच वेळी दोघांनी हात घातला, तर करायचे काय? जाड लेजरे जाऊन संगणक आला. प्रश्न होता तिथेच आहे.

राकेश अग्रवाल, मायकेल कॅरी आणि मिरॉन लिव्हनी यांनी १९८७ साली यावरच एक निबंध लिहिला. त्यांनी तीन पद्धती तपासल्या. पहिली : लेजर दुसऱ्याकडे असेल तर गुपचूप थांबा. दुसरी : लेजर अडलेले दिसताच काम रद्द, ‘चहा घेऊन या, मग पहिल्यापासून करू!’ तिसरी आशावादी : ज्याने त्याने चिठ्ठीवर हिशेब करायचा, शेवटी ताडून पाहायचा, मध्येच कुणी खाते बदलले असेल तर चिठ्ठी फाडायची.

यातली जलद कुठली, यावर विद्वानांत जुंपली होती आणि आकडे सगळ्यांकडेच होते. या तिघांनी भांडणाऱ्यांची गृहीतेच उघडी केली. यंत्रे हवी तेवढी आहेत असे धरले, की आशावादी जिंकतो. फाडलेल्या चिठ्ठीचे श्रम फुकटच असतात ना! यंत्रे मोजकी धरली, की थांबणारा जिंकतो. म्हणजे दोघेही खरे, आपापल्या गृहीतापुरते. याला म्हणतात टीका!

खाते करकंबला आणि नक्कल पंढरपूरला ठेवली, बाप इथे अन् मुलगा तिथे पैसे काढायला उभा राहिला, की निरोपानिरोपीचा खर्चही आलाच. तो हिशेब कॅरी-लिव्हनींनी १९८८ साली वेगळा मांडला.

माझी तक्रार आहे ती १९८७च्या निबंधातल्या गिऱ्हाइकांबद्दल. २०० टर्मिनलांवरचे ते २०० जण काम झाले की क्षणभर विचार करतात आणि नवे काम घेऊन पुन्हा हजर! कुणी रागावत नाही, कुणाची एस.टी. चुकत नाही. थांबण्याच्या वेळेचे प्रमाणविचलनही दिले आहे. कॉमर्सवाल्याला त्याचे कौतुक आहेच. पण कंटाळून पिशवी उचलून निघून गेलेली म्हातारी कुठल्याच सरासरीत सापडत नाही.

तरीही निबंध वाचावाच. उद्या कुणी साहेब नवी पद्धत किती जलद आहे ते सांगू लागले, तर नम्रपणे विचारता येईल, ‘‘साहेब, हिशेबात कारकून किती धरलेत?’’ आणि साहेबांचा मूड बरा असेल तर, ‘‘निघून गेलेल्यांना कुठल्या रकान्यात टाकलंत?’’