बाहुलीघरातले मृत्यू

एक इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात बांधलेली स्वयंपाकघरे, झोपायच्या खोल्या, धान्याची कोठारे. आणि त्यांत मृतदेह. फ्रान्सिस ग्लेसनर ली (१८७८-१९६२) या अमेरिकन बाईंनी १९४०च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी या प्रतिकृती करवून घेतल्या. हार्वर्ड विद्यापीठातला न्यायवैद्यक विभागही त्यांच्याच देणगीतून उभा राहिला होता. यांपैकी १८ प्रतिकृती पुढे बाल्टिमोरला गेल्या. शैक्षणिक साधन म्हणून त्या कितपत उतरतात?

‘स्वयंपाकघर’ ही प्रतिकृती पाहू. दारांच्या फटी वर्तमानपत्राने बुजवलेल्या, गॅस सोडलेला, जमिनीवर एक गृहिणी, कातडी गुलाबी. आत्महत्या म्हणून मोकळे व्हावे असे दृश्य. पण मोरीपाशी बटाटे अर्धवट सोललेले आहेत! विद्यार्थी इथे थबकतो. हे थबकायला लावणे हेच या साधनाचे मोठे यश.

गुलाबी रंग मृत्यूचे कारण सुचवतो. त्या काळच्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनशी घट्ट जोडला जातो आणि रक्त लालभडक दिसते. पण मृत्यूचा प्रकार? नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, परहत्या आणि अनिर्णित अशा पाच प्रकारांतला कोणता, हे रंग सांगत नाही. नळी गळाली, स्वतः चावी सोडली किंवा दुसऱ्याने सोडली, तरी रक्त सारखेच दिसेल. म्हणून शवविच्छेदन, रक्ततपासणी, घटनास्थळ आणि मृताची पार्श्वभूमी एकत्र मांडावी लागतात.

इथेच या साधनाची मर्यादा लागते. कापडाची बाहुली चिरून पाहता येत नाही. चारांतला एकच धागा हाती येतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रतिकृतीतली वस्तू कोणीतरी मुद्दाम ठेवलेली असते. खऱ्या घरातला बराचसा पसारा काहीच सांगत नाही. सोललेल्या बटाट्यांवरून शंका घ्यावी. ‘स्वयंपाक करणारी बाई जीव देणार नाही’ असा सिद्धांत काढू नये. एकदा संशय पक्का झाला की प्रत्येक वस्तू पुरावा वाटू लागते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर चुकीचा शब्द पडला तर निर्दोष माणूस तुरुंगात जातो किंवा गुन्हेगार सुटतो.

नुसते पाहून ही कोडी सुटणार नाहीत, हे ली यांनी स्वतःच बजावले होते. तरीही उत्तरे गुप्त ठेवलेली असल्याने पाहणारा ती हुडकायलाच येतो, आणि ‘अनिर्णित’ म्हणणे त्याला हार वाटते.

आपल्या प्रयोगशाळेत वेगळे काय घडते? अपेक्षित उत्तर माहीत असलेला विद्यार्थी वाचने जुळवून आणतो. वर्षातून एक तरी प्रयोग असा द्यावा, ज्यात दिलेली माहिती निष्कर्षाला पुरत नाही. आणि ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ असे कारणांसह लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.