खोडवा की लागण?

नीरेचा डावा कालवा बारामतीवरून इंदापुराकडे जातो, आणि ज्या रानांना तो पाणी पाजतो त्या रानांत ऊस उभा असतो. तोडणी होऊन गाड्या कारखान्याकडे गेल्या की शेतात बुडखे उरतात आणि मालकापुढे एक निवाडा उभा राहतो : हे बुडखे राखून खोडवा घ्यावा, की नांगर घालून नवी लागण करावी? खोडव्यास बेणे लागत नाही, पूर्वमशागत लागत नाही. तो लवकर पक्व होतो आणि हंगामाच्या आरंभी साखरेचा उताराही चांगला देतो. परंतु वजन बहुधा लागणीचे येत नाही. आणि खोडव्यावर पुन्हा निडवा राखला तर ते आणखी घटते. ह्या प्रश्नावर दोन सख्ख्या भावांत अबोला धरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून २०११ ते २०१३ ह्या काळात आमच्या दोन्ही तालुक्यांत जो एक मोठा वाद माजला, तो वरकरणी क्रिकेटचा असला तरी मूलतः ह्याच जातीचा होता, असे मला वाटते. प्रश्न एवढाच होता : सचिन तेंडुलकर उतरणीस लागला आहे काय?

वाचनालयाच्या ओट्यावर, एस. टी. च्या थांब्यावर, चहाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीतही हा वाद चाले. क्रिकेटचा कारभार आम्हांस परका नव्हता. बारामतीचे शरद पवार २००५ ते २००८ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते. त्यामुळे हा निर्णय जणू आपल्याच चावडीवर व्हावयाचा आहे, अशा आवेशाने लोक बोलत. सचिनचा उल्लेख सारे एकेरीत करीत. मराठी मनुष्य देवास आणि मुलास एकेरी हाक मारतो. येथे कोणता भाव अधिक होता हे सांगणे कठीण आहे. मीही ह्या लेखात तीच रीत पाळतो.

आता कोणी विचारील की, असा वाद वाङ्मयीन टीकेचा विषय कसा होऊ शकतो? माझे उत्तर असे की, कवीची प्रतिभा ओसरली काय, गायकाचा गळा बसला काय, नटाचे तेज मावळले काय, हे रसिकांचे नित्याचे प्रश्न आहेत. आणि त्यांचा निवाडा करताना आपण ज्या चुका करतो त्या सचिनविषयीच्या वादात जितक्या उघड दिसल्या तितक्या अन्यत्र क्वचित दिसतात. कारण येथे धावा आकड्यांत मोजलेल्या होत्या, आणि तरीही एकमत होत नव्हते.

ह्या वादात दोन पक्ष होते. एकास भक्त म्हणू, दुसऱ्यास निवाडेकर म्हणू. भक्ताचे म्हणणे असे की, ज्याने वीस वर्षे दिले त्याच्याकडे हिशेब मागणे ही कृतघ्नता होय. निवाडेकराचे म्हणणे असे की, संघ हा देव्हारा नव्हे. दोघेही अर्धे बरोबर होते. परंतु दोघांनीही तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले होते. तो पूर्वीपेक्षा उणा झाला आहे काय, हा पहिला. उणा झाला असला तरी त्याच्या जागी येणाऱ्याहून तो उणा आहे काय, हा दुसरा. आणि तसे असल्यास त्याला जा म्हणण्याचा अधिकार आपणास आहे काय, हा तिसरा. पहिला प्रश्न निरीक्षणाचा, दुसरा तुलनेचा, तिसरा शिष्टाचाराचा. भक्त तिसऱ्याचे उत्तर देऊन पहिला मिटवी. निवाडेकर पहिल्याचे उत्तर देऊन तिसऱ्यास धाब्यावर बसवी.

येथे मला स्वतःची एक कबुली दिली पाहिजे. एरवी हा लेख परोपदेशे पांडित्य ठरेल. २००६ साली मी निवाडेकर होतो. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध सचिन एकवीस चेंडूंत एक धाव काढून बाद झाला आणि त्याच्याच शहराच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. एका इंग्रजी दैनिकाने तर त्याच्या आडनावाचे आद्याक्षर गाळून ‘एंडुलकर’ असा प्रश्नार्थक मथळा दिला. मी तो मथळा वर्गात मुलांस श्लेषाचे उदाहरण म्हणून सांगितला आणि वर स्वतःचे मत जोडले की, दिवा विझला. पुढल्या वर्षी विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला तेव्हा ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल ह्यांनीही त्याच्या निवृत्तीचा विषय काढला, आणि माझी छाती अधिकच फुगली.

मग काय झाले हे सर्वविश्रुत आहे. २००८ च्या आरंभी सिडनीस नाबाद १५४ आणि ॲडलेडला १५३. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मुंबईवरील हल्ल्याच्या जखमा ओल्या असताना, चेन्नईस ३८७ धावांचा पाठलाग करताना नाबाद १०३. २०१० साली ग्वाल्हेरास पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक, आणि त्याच वर्षी कसोटीत १५६२ धावा. सदतिसाव्या वर्षी मनुष्य असे खेळू शकतो हे पाहून मी ओशाळलो. माझे विद्यार्थी तोवर मोठे झाले होते, भेटले की हसून विचारीत, “गुरुजी, दिवा विझला का?”

आता दुसरी कबुली. २०१२ साली मला दिवा खरोखरच मंदावलेला दिसत होता, आणि मी गप्प बसलो. २०११ च्या जानेवारीत केपटाउनला त्याने १४६ धावा काढल्या. त्यानंतर तो आणखी तेवीस कसोटी सामने खेळला, पण शतक एकही झाले नाही. भक्त सांगत, “ओव्हलला ९१, वानखेडेला ९४, दैव आडवे आले.” नव्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक २०११ च्या मार्चात नागपुरास झाले, आणि शंभरावे बरोबर एक वर्ष चार दिवसांनी मीरपुरास. तेथील ११४ धावांस १४७ चेंडू लागले आणि सामना बांगलादेशाने जिंकला. त्या संध्याकाळी आमच्या पेठेत फटाके वाजले. मीही पेढा खाल्ला. परंतु पेढा तोंडात असताना मनात आले की, हा उत्सव आजच्या खेळीचा नसून नव्याण्णव जुन्या खेळींचा आहे. हे मी कोणास बोललो नाही. भक्तांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच होता की, “२००६ सालीही तुम्ही हेच म्हणाला होता.” त्या एका वाक्याने माझी वाचा बसली. २००६ साली मी चुकलो तो अधीरतेने; २०१२ साली चुकलो तो लज्जेने. टीकाकाराच्या हातून होणाऱ्या चुकांत दुसरी अधिक वाईट होय, कारण पहिलीत निदान स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास असतो.

ह्या पेचातून मला ज्याने सोडविले तो क्रिकेट फारसे न पाहणारा एक वृद्ध शेतकरी होता. आम्ही त्यास तात्या म्हणत असू. खोडवा-लागणीचा निवाडा करण्यासाठी लोक त्यास बांधावर नेत. तो म्हणाला, “गुरुजी, एक ऊस बारीक निघाला म्हणून कुणी फड मोडत नाही, आन् एक ऊस जाड निघाला म्हणून कुणी निडवा राखत नाही. बुडख्याजवळ वाकून बघावं लागतं. फुटवे किती, नांग्या किती. पीक पाण्यावाचून मागं पडलंय का मुळातनंच, ते आधी बघायचं.”

एवढ्यात टीकेचे सारे शास्त्र आले, असे मला वाटते. अपयश आणि ऱ्हास ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. अपयशास निरनिराळी रूपे असतात. ऱ्हास त्याच त्याच रूपाने पुन्हा पुन्हा येतो. आणि अपयशाचे कारण बहुधा बाहेर दाखविता येते. २००५ साली सचिनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि वानखेडेवर हुर्यो उडाली त्याच महिन्यात खांद्यावर झाली. ते पीक पाण्यावाचून मागे पडले होते. पाणी मिळताच उभे राहिले. उलट २०१२ साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद आणि बंगळूर येथील तीन डावांत तो १९, १७ आणि २७ धावांवर बाद झाला, आणि तिन्ही वेळा त्याचा त्रिफळा उडाला. गोलंदाज तीन, पण बाद होण्याची रीत एक. येथे दुखऱ्या अवयवाचे कारण पुढे करता येत नव्हते. वय एकोणचाळीस होते, आणि त्यावर शस्त्रक्रिया नाही. २००६ साली मी धावफलक वाचला, २०१२ साली माझी अब्रू वाचली. बुडख्याजवळ दोन्ही वेळा वाकलो नाही.

तथापि वयाचा आकडा हे स्वतः प्रमाण नव्हे, ह्यास पुण्यातच उत्तम दाखला आहे. प्रा. दि. ब. देवधर ह्यांनी पन्नाशी जवळ आली असता, १९४०-४१ च्या रणजी हंगामात, मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या आणि महाराष्ट्रास सलग दुसऱ्यांदा करंडक मिळवून दिला. उलट वेळीच निवृत्त होण्याचा आदर्श म्हणून विजय मर्चंट ह्यांचे नाव नेहमी घेतले जाते. १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या, आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. परंतु त्याच सामन्यात त्यांच्या खांद्यास दुखापत झाली होती, हे सांगावयास लोक विसरतात. ज्यास आपण विवेक म्हणून वंदन करतो त्यात शरीराच्या आज्ञेचाही वाटा असतो.

कलांमध्येही भेद केला पाहिजे. मोरोपंतांनी बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने उभा जन्म लेखणी चालविली. आर्यांचे डोंगर रचले, रामायणे शंभरावर लिहिली. परंतु त्यांची ‘केकावली’ ही उत्तरायुष्यातील, पृथ्वी वृत्तातील रचना, आणि सर्वांत अधिक मनुष्यांच्या ओठांवर राहिली ती हीच. येथे वजन घटले पण उतारा वाढला. लेखणीस असे भाग्य लाभते, कारण तिला डोळ्यांची क्षणार्धातील चपळता लागत नाही. ज्या कलेचे वाद्य खुद्द शरीर आहे तिचे तसे नाही. बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका केल्या. रंगपटावर रूप उरले नव्हते, पण गाणे सुरू होताच जुना प्रेक्षक डोळे मिटून घेई. तरुण प्रेक्षक डोळे उघडे ठेवून बसे आणि बुचकळ्यात पडे. दोघांनाही आपापले अनुभव खरेच आले होते. एक आठवण ऐकत होता, दुसरा नाटक पाहत होता. सचिनच्या अखेरच्या दोन वर्षांत आमच्या वादाचे मर्म नेमके हेच होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण भक्तांनी त्याकडे कधी पाहिले नाही. राखलेल्या खोडव्याखाली जी जमीन अडते तिची किंमत कोणीतरी देतो. अजिंक्य रहाणे २०११ च्या अखेरीपासून कसोटी संघासोबत हिंडत होता. त्यास पहिला सामना २०१३ च्या मार्चात मिळाला. त्याच वर्षी कोलकात्यास, सचिनच्या एकशेनव्याण्णवाव्या कसोटीत, रोहित शर्माने पदार्पणातच १७७ धावा केल्या, सचिनच्या १०. पुढच्याच महिन्यात जोहान्सबर्गला विराट कोहली चौथ्या क्रमांकावर उतरला आणि त्याने ११९ व ९६ धावा काढल्या. सचिनमुळेच रहाणे अडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जागा आणखीही होत्या. परंतु कृतज्ञतेपोटी मनुष्यास हृदयात जागा देता येते, फलंदाजीच्या क्रमात नव्हे, एवढे तरी ह्यावरून उघड व्हावे. हृदयात कोणास ताटकळत बसावे लागत नाही. संघात अकराच मावतात.

राहता राहिला तिसरा प्रश्न, शिष्टाचाराचा. येथे मात्र निवाडेकरांचा पक्ष सर्वथैव दोषी होता. ऱ्हास दिसला की त्यांस पूर्वीचे यशही खोटे वाटू लागे. “तो नेहमी स्वतःसाठीच खेळला,” अशी वाक्ये निघत. ऱ्हासाचे निदान करणे वेगळे आणि ऱ्हासाचा सूड घेणे वेगळे. तात्यास मी हेही विचारले होते. तो म्हणाला, “खोडवा मोडताना त्याला शिव्या देतं का कुणी? त्यानंच तर घर चालवलंय.”

२०१३ च्या १४ ते १६ नोव्हेंबरला वानखेडेवर दोनशेवा आणि अखेरचा सामना झाला. सचिनने ७४ धावा केल्या. त्यांतले काही फटके असे होते की २०१० साल परतले असे वाटावे, आणि भक्त म्हणाले, “पाहा, अजून दोन वर्षे सहज खेळला असता.” सामना संपल्यावर त्याने खेळपट्टीस हात लावून नमस्कार केला. आमच्या वाचनालयातील दूरदर्शन संचापुढे दोन्ही पक्ष बसले होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, कारण सर्वांचेच डोळे भरले होते. माझ्या शेजारी एक जुना विद्यार्थी होता. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, आता म्हणा.” मी म्हणालो, “वर्षभर आधीच म्हणावयास हवे होते, बाबा; आणि २००६ साली म्हणावयास नको होते.” तो हसला नाही. त्याने माझा हात नुसता हातात धरून ठेवला.